परतीची वायर

फर्नेस पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्यात आसावरीचा काडीचाही हात नव्हता.

नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा होता. टेक्ससमध्ये अमॅरिलोच्या दक्षिणेला, कॅन्यनच्या काठावर ‘जुनिपर रिज’ नावाचा ट्रेलर पार्क होता. ती आणि नवरा प्रताप डॅलसजवळच्या प्लेनोतल्या घरून ट्रकमागे राहायचा ट्रेलर ओढत सात तासांनी तिथे पोचले होते. दुपारीच उत्तरेचा वारा सुटला आणि बघता बघता पारा घसरला. थर्मोस्टॅटवर आकडे दिसत होते, पण ट्रेलर गरम ठेवणारी फर्नेस ढिम्म. आतला पंखासुद्धा फिरेना.

प्रताप बहात्तर वर्षांचा. नागपूरहून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेत आला आणि तीस वर्षं एका वीज कंपनीत काढून रिटायर झाला. आसावरी मिरजेची डॉक्टर, इथे येऊन भूलतज्ज्ञ झालेली. डॅलसच्या एका हॉस्पिटलात तिनं हजारो माणसांना झोपवलं होतं आणि सगळ्यांना पुन्हा जागं केलं होतं. पण त्या दुपारी ती जेवणाच्या टेबलालगत गुडघ्यांवर बसून फक्त टॉर्च धरून होती.

टेबलालगतच्या बाकाची गादी काढली, खालची फळी उचलली, की फर्नेसच्या वायरी दिसायच्या. प्रताप पोटावर पालथा पडून त्या पोकळीत डोकं घालून बोलत होता.

“टॉर्च हलवू नकोस. ऑपरेशन थिएटरमध्ये असंच करायचीस का?”

“माझे हात गारठलेत.”

“गारठणारच. म्हणून तर फॉल्ट शोधतोय. नीट बघ. ही लाल, पॉझिटिव्ह. ही पिवळी, निगेटिव्ह. या दोन निळ्या थर्मोस्टॅटच्या. थर्मोस्टॅटनं हीट मागितली की आधी पंखा फिरणार, पंख्याचा वारा आला की गॅस सुटणार, मग स्पार्क. पंखाच फिरत नाही, म्हणजे कुठे बघायचं?”

आसावरीनं टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

“अगं, विचारतोय मी. कुठे बघायचं?”

“वीज पोचते का ते.”

“बरोब्बर. आता हा मीटर बघ. लाल वायर आणि ट्रेलरची बॉडी, साडेबारा व्होल्ट. म्हणजे वीज पोचतेय. आता लाल आणि पिवळी. किती?”

“शून्य.”

“शून्य! का? कारण पिवळी कुठेतरी तुटलीय. वीज जाते, पण तिला परत यायला रस्ता नाही. ही परतीची वायर. लोक नेहमी लाल तपासतात आणि पिवळीला विसरतात. गाढव असतात.”

ही शिकवणी दोन तास चालली. प्रतापला शिकवायला फार आवडायचं, आणि समोरच्याला ते आधीच कळलंय ही शक्यता त्याच्या ध्यानीमनीही यायची नाही. शेवटी सापडलं ते असं: पिवळी वायर जिथे जोडली होती तिथला दाबलेला सांधा कारखान्यातूनच कच्चा आला होता. नवा सांधा लावायला त्याच्याकडे सामान नव्हतं. दोघं स्वेटरांवर स्वेटर चढवून कशीबशी झोपली आणि सकाळीच माघारी निघाली.

प्लेनोला, ट्रेलर उभा करायच्या भाड्याच्या आवारात, प्रतापनं पिवळ्या वायरीला चांगली पितळी क्लिप लावली. ओढली की निघते, दाबली की बसते, म्हणजे पुढच्या वेळी तपासायला सोपं. तेही त्यानं तिला ओढून आणि बसवून दाखवलं.

ठरल्यापेक्षा चार दिवस आधी घरी आल्यामुळे आसावरी गुरुवारच्या क्लिनिकला जाऊ शकली. गार्लंडला एक मोफत दवाखाना होता, तिथे ती आठवड्यातून दोनदा रक्तदाब बघायची, औषधं समजावून सांगायची. परत येताना तिला गाडीत एकटीलाच हसू आलं. कशाचं, ते तिला घरी पोचल्यावर कळलं. सहल मोडली याचं.

*

ट्रेलर तिला न विचारता घेतलेला होता. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. प्रतापनं गाड्या, घरं, देशसुद्धा असाच निवडला होता. वाईट वाटलं ते त्या ऑक्टोबरात, दसऱ्याला. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात, हातात ताट घेऊन, प्रतापनं सगळ्यांना सांगितलं, “एप्रिलमध्ये घर मार्केटवर टाकतोय. मग आम्ही फुल टाइम ट्रेलरमध्ये. अख्खी अमेरिका बघणार.” आसावरीला ही बातमी इतरांबरोबरच कळली. सुवर्णा, जिच्याबरोबर ती रोज सकाळी पोहायला जायची, ती आसावरीकडे नुसती बघत राहिली.

त्या दिवशी घरी आल्यावर आसावरी म्हणाली, “मला घर विकायचं नाही.”

“अगं, एवढं चार बेडरूमचं घर दोघांना कशाला हवंय?”

आठवड्यानं ती परत म्हणाली, “मी राहणार नाही ट्रेलरमध्ये.”

“सवय होईल. हिवाळ्यात तीन-चार ट्रिपा मारू, तुला आवडायला लागेल.”

तिसऱ्यांदा तिनं सांगितलं तेव्हा तो फोनवर न्यू मेक्सिकोचा नकाशा बघत होता. त्यानं मान हलवली आणि नकाशा मोठा केला.

मुलगी प्रीता क्युपर्टिनोला होती. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आई, टेक्ससमध्ये तुझ्या सहीशिवाय तो घर विकूच शकत नाही. जस्ट डोन्ट साइन.”

“तुला सोपं वाटतं.”

“बिकॉज इट इज सोपं!”

आसावरीला मुलीचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. चव्वेचाळीस वर्षं प्रतापनं जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे तिनं सही केली होती. प्रत्येक वेळी, एवढ्यातेवढ्यावरून भांडण कशाला, असं म्हणून. ज्या बाईनं रागीट सर्जनांना भर ऑपरेशनमध्ये थांबवलं होतं, तिला घरात ‘नाही’ हा शब्द पुरा उच्चारता येत नव्हता. म्हणजे उच्चारता यायचा. ऐकून घेणारा कुणी नव्हता, आणि ती पुन्हा ओरडून सांगायचीही नाही.

*

जानेवारीत ते परत जुनिपर रिजला गेले. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर प्रताप कॅन्यनच्या कडेकडेनं फिरायला गेला. तो दीड-दोन तास फिरायचा. बाहेर दगडासारखी थंडी होती, आत फर्नेस मजेत घुमत होती. आसावरी भांडी विसळत होती. विसळता विसळता तिनं हात पुसले, बाकाची गादी बाजूला केली, फळी उचलली आणि पिवळी वायर ओढली. पंखा थांबला. एवढंच. 

मग ती कोट घालून खिडकीशी बसली. दीड तासात ट्रेलरची पत्र्याची भिंत हाताला चटका देण्याइतकी गार झाली. प्रतापची लाल टोपी वळणावर दिसताच तिनं वायर बसवली, फळी लावली, गादी ठेवली. तो दारातून आत आला आणि फर्नेस सुरू झाली.

“फ्रीज झालंय आत! काय झालं?”

“तुम्ही गेल्याबरोबर बंद पडली. आत्ता आपोआप सुरू झाली.”

प्रतापनं कोटही न काढता मीटर घेतला. सगळं ठीक. तो दिवसभर बाकासमोर बसून राहिला. तो समोर असला की फर्नेस शहाण्या पोरासारखी चालायची. दुसऱ्या दिवशी तो पार्कच्या बाथरूममध्ये शॉवरला गेला तर परत बंद. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळे सांधे उघडून पुन्हा घातले, फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं घासली. चौथ्या दिवशी ते घरी आले.

पुढचा महिनाभर प्रतापच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यानं ट्रेलरमध्ये तापमान नोंदवणारं एक यंत्र बसवलं. त्याचा आलेख फोनवर दिसायचा. फेब्रुवारीतल्या ट्रिपच्या चौथ्या दिवशी तो आलेख तिच्यासमोर धरून तो आनंदानं म्हणाला, “सापडलं! बघ, प्रत्येक डिप मी बाहेर असतानाच आहे. प्रत्येक!”

आसावरीनं हातातला कप खाली ठेवला.

“याचा अर्थ काय? माझं वजन. पंच्याऐंशी किलो. मी आत असलो की फ्लोअर दबतो आणि कुठलातरी जॉइंट टेकतो. मी उतरलो की फ्लोअर वर येतो, जॉइंट सुटतो. क्लासिक!”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तो हुशार माणूस होता. त्यानं प्रश्न जवळजवळ सोडवला होता. तो बाहेर असताना आत कोण असतं, एवढंच त्याला सुचलं नाही. त्या गणितात आसावरीचं वजन कुठेच नव्हतं.

तोपर्यंत तिला अधूनमधून स्वतःची लाज वाटायची, आता हे पुरे म्हणून तिनं दोनदा ठरवलंही होतं. त्या आलेखानंतर लाज संपली. दुसऱ्या दिवशी तिनं वायर पुन्हा ओढली, आणि ती रागानं ओढली.

*

फ्लोअरच्या सांध्यांना हात घालायचा म्हणजे खालून काम. प्रतापला पाठीमुळे ट्रेलरखाली सरपटणं जमेना. पार्कच्या ऑफिसात डार्लीन नावाची मॅनेजर होती. तिच्याकडे फिरत्या मेकॅनिकांची यादी असायची. तिनं रूबेनला बोलावलं.

रूबेन पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, कमी बोलणारा. तो पासष्ट मैलांवरून आला आणि वाऱ्यात तीन तास ट्रेलरखाली उताणा पडून होता. त्यानं फर्नेसकडे जाणारा प्रत्येक सांधा नवा केला, थर्मोस्टॅट बदलला, फ्लोअरचे बोल्ट आवळले. प्रताप कमरेवर हात ठेवून वरून सूचना देत होता.

“त्या क्लिपला हात लावू नकोस. ती मी बसवलीय, ती परफेक्ट आहे.”

“हो, सर.”

“मीटर असा धरतात का? कुठे शिकलास?”

“हो, सर,” रूबेन म्हणाला. तो ऐकतच नव्हता.

काम झालं. फर्नेस दिवसभर चालली. दुसऱ्या सकाळी प्रताप निर्धास्त मनानं फिरायला गेला, आणि परत आला तर आत बोटं आखडतील अशी थंडी.

त्या क्षणी त्याचा चेहरा आसावरीनं पाहिला. नुसता राग नव्हता. काहीतरी हरवल्यासारखं, विस्कटलेलं दिसलं. पण तिनं तिकडे डोळेझाक केली. प्रतापनं फोन उचलला आणि रूबेनला वाट्टेल तसं बोलला.

रूबेन दुपारी आला. प्रताप ट्रेलरबाहेर उभा होता. डार्लीनलाही त्यानं बोलावून घेतलं होतं. शेजारच्या ट्रेलरमधली दोन म्हातारी जोडपी वारा असूनही खुर्च्या टाकून बसली होती. आसावरी आत होती. तिनं चहाचं आधण ठेवलं होतं आणि खिडकी अर्धी उघडी होती.

“यानं मुद्दाम लूज जॉइंट ठेवलाय,” प्रताप डार्लीनला सांगत होता, “म्हणजे परत बोलावावं लागेल. धिस इज अ स्कॅम. मी इंजिनिअर आहे, मला शिकवू नका. अशा लोकांना तुम्ही आत कसे येऊ देता?”

“अशा म्हणजे कशा, सर?” रूबेननं शांतपणे विचारलं.

“चोरांना.”

डार्लीननं हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. “मी तुमचं नाव यादीतून काढते, रूबेन,” ती म्हणाली. “तक्रार आली की काढावंच लागतं. सॉरी.”

रूबेननं ट्रेलरच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “मला एकदा आत बघू द्या.”

तो आत आला, मागोमाग प्रताप. फर्नेस चालू होती. रूबेननं गादी बाजूला केली, फळी उचलली, पिवळ्या वायरीच्या क्लिपकडे बराच वेळ पाहिलं. तिच्यावर ओरखडे होते, ताजे, एकावर एक.

“सर, ही बंद पडते तेव्हा आत कोण असतं?”

“कुणी नाही,” प्रताप म्हणाला. “मी बाहेर असतो.”

रूबेननं मान वळवून आसावरीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. शेगडीवर चहा उतू गेला.

“मी काढते ती वायर,” आसावरी मराठीत म्हणाली. मग तेच इंग्रजीत, रूबेनला.

प्रताप हसला. खरोखरच हसला. “तू मध्ये पडू नकोस. याची दया आलीय तुला, कळतं मला. पण अशा माणसासाठी खोटं बोलायची काही गरज नाही.”

“खोटं नाही. जानेवारीपासून मीच काढतेय.”

“तुला काय कळतं गं वायरिंगमधलं? घरातला फ्यूज बॉक्स कुठे आहे ते माहीत नाही तुला!”

“गॅरेजमध्ये, डाव्या भिंतीला.”

ती पुढे झाली. रूबेन बाजूला सरला. तिनं गुडघे टेकले, दुखत होते तरी. “ही लाल. साडेबारा व्होल्ट. या निळ्या थर्मोस्टॅटच्या. आणि ही पिवळी, परतीची. लोक नेहमी लाल तपासतात आणि पिवळीला विसरतात.” तिनं क्लिप ओढली. पंखा घरघरत थांबला. ट्रेलरमध्ये फक्त वारा ऐकू येत होता. तिनं क्लिप बसवली. पंखा फिरला, थोड्या वेळानं स्पार्कची टकटक झाली, गॅसनं भुस्सकन पेट घेतला. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा बसवली. प्रतापच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, उतरायचं विसरून गेल्यासारखं.

“अजून एकदा दाखवू?” तिनं विचारलं.

 रूबेननं आपली हत्यारं पेटीत टाकली, एकेक, आवाज करत.

“मला माफ करा,” आसावरी त्याला म्हणाली. “मी आत्ता डार्लीनला जाऊन सांगते.”

“मॅडम,” रूबेन म्हणाला, “मी दोनदा पासष्ट मैल गाडी चालवत आलो. काल चिखलात पडून होतो तेव्हा तुम्ही मला पाण्याची बाटली आणून दिलीत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आत्ता यांनी चार लोकांसमोर मला चोर म्हटलं, तेव्हाही माहीत होतं. तुम्ही चहा करत होतात.” त्यानं पेटी उचलली. “तुमचं भांडण तुमच्या घरात करा. तुमची माफी मला नको.”

तो गेला. जाताना त्यानं दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

*

“का?” प्रतापनं विचारलं. तो बाकाच्या कडेवर बसला होता, फळी तशीच उघडी.

“मला घर विकायचं नाही.”

“एवढ्यासाठी? अगं, सांगायचं ना!”

“तीनदा सांगितलं.”

“कधी?”

 आसावरीनं ओटा पुसायला घेतला. चहा सगळीकडे सांडला होता.

“तू मला मूर्ख बनवलंस. चार परक्यांसमोर.”

“चार परक्यांसमोर तुम्ही मला दसऱ्याला बनवलंत.”

“त्याचा इथे काय संबंध? हे... हे सॅबोटाज आहे! थंडीनं मी मेलो असतो तर?”

“दिवसाउजेडी, दोन तास, कोट घालून. मरत नाही कुणी. मी डॉक्टर आहे.”

“डॉक्टर!” तो ताडकन उठला. ट्रेलर हलला. “डॉक्टर आहेस ना तू? मग ऐक. ती क्लिप मी नेहमी खाच वर ठेवून बसवतो. जानेवारीत उघडलं तर खाच खाली. मला आठवेना मी खाली कशी बसवली. नीट केली. परत उघडलं, परत खाली. आय थॉट आय वॉज लूझिंग इट. माझे बाबा कसे गेले माहितीय तुला. शेवटी स्वतःचं नाव आठवत नव्हतं त्यांना. मागच्या महिन्यात मी गुपचूप जाऊन मेमरी टेस्ट केली. एमआरआय केला. तू म्हणालीस, कुठे होतात एवढा वेळ. मी म्हणालो, टायर बदलायला गेलो होतो.”

आसावरीचा हात ओट्यावर थांबला. तिला ते टायर आठवले. नवे टायर घातल्यासारखी गाडी काही दिसली नव्हती, पण तिनं विचारलं नव्हतं. तो हल्ली वहीत बारीकसारीक लिहून ठेवायचा, दाराचं कुलूप दोनदा बघायचा. हे सगळं तिनं पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यात पाहिलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी विचारपूस केली असती.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“तू बघत होतीस. खिडकीत बसून. मी यायची वाट बघत.”

हे खरं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आलं ते हे: “सॉरी. त्या टेस्टबद्दल सॉरी. घराबद्दल नाही. मी सही करणार नाही.”

“आत्ता हे बोलायची वेळ आहे?”

“वेळ कधीच नसते.”

“निघ मग,” प्रताप म्हणाला. “तुला घर हवंय ना? जा घरी. मला तुझं तोंड बघायचं नाही.”

“जाते. उद्याचं विमान बघते.”

“बघ.”

तिनं कोट चढवला आणि ऑफिसात जाऊन डार्लीनला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता. डार्लीन ऐकत असताना एकदाही खाली बस म्हणाली नाही. शेवटी तिनं यादीत रूबेनचं नाव परत लिहिलं आणि म्हणाली, “तुम्हा दोघांना पुढच्या वेळी इथे जागा नसेल.” आसावरीनं मान हलवली. त्यात तिला अन्याय दिसला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापनं तिला अमॅरिलोच्या विमानतळावर सोडलं. ट्रेलर पार्कमध्येच ठेवून नुसता ट्रक घेतला होता.  वाटेत दोन्हीकडे सपाट पिवळं गवत आणि पवनचक्क्या, दुसरं काही नाही. तिनं दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

टर्मिनलसमोर त्यानं तिची बॅग उतरवली. ती बॅग तिच्या हातात न देता फुटपाथवर ठेवली.

“रिझल्ट नॉर्मल आला,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “कालपासून विचारलं नाहीस, म्हणून सांगतोय.”

ती खरंच विसरली होती. म्हणजे विसरली नव्हती. ज्या माणसाला क्लिपची खाच कुठे होती तेही आठवतं त्याच्या मेंदूला काय धाड भरलीय, असं तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली.

“तुला सगळं आधीच कळतं.” तो ट्रकमध्ये चढला. “मी पुढे न्यू मेक्सिकोत, लास क्रूसेसला जातोय. एप्रिलपर्यंत येणार नाही.”

“ट्रेलर एकट्यानं मागे घेता येतो का तुम्हाला?” खाली उतरून हात दाखवायचं काम आतापर्यंत ती करायची.

“शिकेन,” तो म्हणाला आणि निघून गेला.

एप्रिलमध्ये तो आला नाही. मेमध्ये आला, दहा दिवस राहिला, खालच्या गेस्ट रूममध्ये झोपला, डोळे तपासून घेतले आणि परत गेला. घर मार्केटवर गेलं नाही. आसावरी पोहायला जात होती, क्लिनिकला जात होती. रूबेनला तिनं दोन पत्रं पाठवली, त्यांना उत्तर आलं नाही, आणि येऊ नये असंच तिला वाटू लागलं होतं. प्रताप फोन करायचा तो कामापुरता: एसीचा फिल्टर बदललास का, पोस्टानं काय आलंय. ‘बरी आहेस का’ असं त्यानं विचारलं नाही आणि तिनंही नाही.

जूनमध्ये एका रविवारी प्रीताचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, “आर यू गाइज ओके?”

आजवर या प्रश्नाला आसावरीचं एकच उत्तर असायचं, आणि प्रीतालाही तेच अपेक्षित होतं. ती पलीकडे कसलीतरी पिशवी उघडत होती, तिचा आवाज येत होता.

“नाही,” आसावरी म्हणाली.

पिशवीचा आवाज थांबला.

“तुला वेळ आहे का?” आसावरीनं विचारलं. “नसेल तर संध्याकाळी कर. पण सगळं ऐकून घेणार असशील तरच कर. त्यात माझं वागणं काही चांगलं नाही.”

“आय हॅव टाइम,” प्रीता म्हणाली आणि तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.